डीव्हीडी राईट झाली, पण टीव्हीवर लागत नाही: चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते असं शोधा

लग्नाचं, मुंजीचं किंवा गॅदरिंगचं शूटिंग कॉम्प्युटरवर झकास दिसतं. तेच डीव्हीडीवर टाकून टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातलं की ‘नो डिस्क’ असा मेसेज येतो, चित्र ताणलेलं दिसतं, किंवा ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मग दुसरं सॉफ्टवेअर डाउनलोड होतं, तिसरी डिस्क वाया जाते आणि चूक तिथेच राहते. कारण ‘कन्व्हर्ट’ म्हणून एकच बटण दिसत असलं तरी त्यामागे चार वेगळी कामं चालतात.

पहिलं काम एन्कोडिंगचं. तुमच्या एमपी४ किंवा एमकेव्ही फाइलमधलं चित्र एमपीईजी-२ मध्ये आणि आवाज एसी-३ मध्ये, म्हणजे डीव्हीडीला समजणाऱ्या प्रकारांत, बदलतो. दुसरं ऑथरिंग: त्या चित्र-आवाजापासून ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर बनतं. त्यात व्हीओबी फाइलींमध्ये प्रत्यक्ष चित्रपट असतो, आयएफओ फाइलींमध्ये कुठून काय वाजवायचं याची माहिती असते आणि बीयूपी ही त्या माहितीची राखीव प्रत असते. तिसरं काम म्हणजे या फोल्डरची आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल) करणं आणि चौथं ती इमेज कोऱ्या डिस्कवर राईट करणं.

ही चार कामं वेगवेगळी करा. डीव्हीडी स्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर चारही करू शकतं, पण त्याच्याकडून पहिली तीनच करून घ्या. त्यातल्या बर्नच्या खिडकीत थेट ‘बर्न’ निवडण्याऐवजी ‘क्रिएट आयएसओ इमेज’ निवडा. तयार झालेली आयएसओ व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं बघा. बिघाड इथेच दिसला तर डिस्क आणि रायटर निर्दोष आहेत. इथे सगळं ठीक असेल आणि टीव्हीवरच बिघडत असेल, तर पहिला संशय डिस्क, राईट करायचा वेग किंवा प्लेअर यांच्यावर घ्या. एक सावधगिरी मात्र ठेवा. व्हीएलसी फार सोशिक आहे. नियमात न बसणारी इमेजही ते वाजवून दाखवतं, त्यामुळे खाली दिलेली बिटरेटची (सेकंदाला किती डेटा वाचावा लागतो त्याची) मर्यादा पाळलीच पाहिजे.

हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण नवशिके हमखास इथे फसतात. हँडब्रेक डीव्हीडीवरून एमपी४ बनवतं, एमपी४ वरून डीव्हीडी बनवत नाही. खाली ते वापरायला सांगितलं आहे ते फक्त बिघडलेली मूळ फाइल आधी सरळ करून घेण्यासाठी.

डेटा डिस्क झाली आहे का?

सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही आहे, म्हणून सगळ्यात आधी हीच तपासा. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला आणि आत काय दिसतं ते बघा. एमपी४ फाइल दिसत असेल तर ती नुसती ड्रॅग करून कॉपी झाली आहे. ती डेटा डिस्क आहे आणि साधा प्लेअर ती वाजवणार नाही. डिव्हएक्सचा लोगो असलेले प्लेअर एक्सव्हिडची एव्हीआय फाइल वाजवतात, पण मोबाईलची एच.२६४ (चित्र दाबून साठवायची नंतरची पद्धत) फाइल त्यांनाही सहसा जमत नाही. आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसत असेल तर इमेज राईट होण्याऐवजी फाइल म्हणून कॉपी झाली आहे. विंडोजमध्ये आयएसओवर राइट-क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडावं लागतं. बरोबर झालेल्या डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर दिसतं. ते दुसऱ्या एखाद्या फोल्डरच्या पोटात गेलं असेल तरी प्लेअर डिस्क ओळखणार नाही. ‘ऑडिओ टीएस’ नावाचं रिकामं फोल्डर दिसलं तर घाबरू नका, ते रिकामंच असतं.

पाल की एनटीएससी

डीव्हीडीला दोनच साचे ठाऊक आहेत. पाल म्हणजे ७२० × ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी म्हणजे ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम. भारत, आखात, युरोप आणि ऑस्ट्रेलियात पाल चालतं. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये एनटीएससी. अमेरिकेतल्या मावशीला डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससीच करा, कारण तिकडचे बरेच प्लेअर पाल घेत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही मात्र दोन्ही घेतात. रीजन कोडची, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल ते ठरवणाऱ्या आकड्याची, चिंता इथे नको. भारताचा ५ आणि अमेरिकेचा १ हे खरं, पण घरी केलेल्या डिस्कवर ते कुलूप नसतंच.

भारतात आहोत म्हणून पाल, असं डोळे झाकून करू नका. मोबाईल बहुधा ३० फ्रेमने शूट करतो. त्याचं पाल केलं की सेकंदाला पाच फ्रेम गाळल्या जातात आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र ठेचकाळत जातं. सगळं शूटिंग मोबाईलचं असेल आणि प्लेअर दोन्ही पद्धती घेत असेल तर एनटीएससीचं चित्र जास्त सुरळीत दिसतं. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातलं २५ किंवा ५० फ्रेमचं शूटिंग असेल तर पाल. दोन्ही मिसळलेलं असेल तर ज्याचा भाग जास्त, त्याची बाजू घ्या.

मूळ फाइलमध्ये काय आहे हे मीडियाइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. फ्रेम रेट, फ्रेम रेट मोड, स्कॅन टाइप, आवाजाचा सॅम्पलिंग रेट आणि रोटेशन हे पाच आकडे कागदावर उतरवून घ्या. पुढची निम्मी भानगड त्यावरूनच सुटते.

किती वेळाचं शूटिंग बसेल

‘माझी फाइल सातशे एमबीची आहे, मग साडेचार जीबीच्या डिस्कवर सहा बसायला हव्यात’ हा हिशेब चुकीचा आहे. मूळ फाइलचा आकार इथे गैरलागू आहे, मोजायची ती मिनिटं. सातशे एमबीचा दोन तासांचा चित्रपटसुद्धा एमपीईजी-२ मध्ये गेल्यावर अख्खी डिस्क व्यापू शकतो. आणि हो, त्यामुळे चित्र सुधारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप मुळातच पिळून काढलेली असते. ती पाठवणाऱ्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा.

डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं ते ४७० कोटी बाइट या हिशेबाने. विंडोज त्यालाच ४.३८ जीबी म्हणतं. डीव्हीडी प्लसची (डिस्कवर +R छापलेली) जागा डीव्हीडी मायनसपेक्षा (-R) जवळजवळ ७ एमबी कमी असते, म्हणून इमेज काठोकाठ भरू नका, विंडोजच्या हिशेबाने ४.३ जीबीला थांबा.

बिटरेट काढायची सोपी पद्धत अशी: ६,००,००० भागिले एकूण मिनिटं. उत्तर येतं ते चित्र आणि आवाज मिळून केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट. त्यातून आवाजाचे १९२ वजा करा. दोन तासांसाठी ५,००० येतात, म्हणजे चित्राला साधारण ४,८००. दीड तासाला ६,४००. तीन तासांना जेमतेम ३,१००, आणि तिथे नाचणारी वरात, अक्षता, धूर, पाणी अशा दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसू लागतात. तासाभराच्या शूटिंगला हिशेबाने १०,००० येतील, पण ते भरू नका. नियमानुसार चित्राची कमाल ९,८०० आणि सगळं मिळून १०,०८० आहे. घरी राईट केलेल्या डिस्कवर ८,००० च्या पुढे गेलात की जुने प्लेअर अडखळतात. बफर अंडरफ्लो असा एरर ऑथरिंगच्या वेळी आला तर त्याचंही कारण बहुधा हेच असतं. कमाल बिटरेट उतरवा आणि पुन्हा चालवा.

तीन तासांच्या लग्नासाठी सरळ दोन डिस्क करा: एकीवर सीमांतपूजन ते मंगलाष्टकं, दुसरीवर पुढचं सगळं. साडेआठ जीबीची डबल लेयर डिस्क मिळते, पण ती महाग पडते आणि लेयर बदलताना जुने प्लेअर क्षणभर थबकतात, काही तर तिथेच बसतात. एकाच डिस्कचा हट्ट असेल तर रेझोल्यूशन ३५२ × ५७६ करा. डीव्हीडीच्या नियमात ते बसतं आणि कमी बिटरेटला ठोकळे कमी दिसतात, चित्र थोडं मऊ होतं इतकंच.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत

इथे घाई केली की दिवस जातो. आधी एकच गोष्ट ठरवा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे, की वाढत जातो?

सारखाच असेल, समजा पहिल्या मिनिटाला अर्धा सेकंद आणि साठाव्यालाही अर्धाच, तर तो नुसता सरकलेला आहे. व्हीएलसीमध्ये जे आणि के ही बटणं दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागेपुढे करता येतो. कुठल्या आकड्याला जुळतं ते बघा आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा ट्रॅक तेवढाच सरकवून फाइल पुन्हा काढा.

फरक वाढत असेल तर तासाभरानंतर किती झाला ते मोजा, कारण आकड्यावरून दोषी कळतो. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास असेल तर ३० आणि २९.९७ यांचा घोळ झाला आहे. तासाला अडीच मिनिटं असेल तर २३.९७६ फ्रेमच्या चित्रपटाला २५ चा वेग मिळाला आणि आवाज मात्र तसाच राहिला. आणि फरक कधी कमी, कधी जास्त असा हेलकावत असेल तर ते मोबाईलचं काम. मोबाईल अंधारात आणि उजेडात फ्रेमचा वेग स्वतःच बदलत राहतो. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसेल. डीव्हीडीला ठरलेलाच वेग लागतो, आणि हा बदल करताना बरीच सॉफ्टवेअर चुकतात.

उपाय हँडब्रेकमध्ये आहे. फाइल उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ ठेवा. फ्रेमरेट पालसाठी २५ किंवा एनटीएससीसाठी २९.९७ निवडा आणि त्याखालचा ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय लावा. आरएफचा (चित्राच्या दर्जाचा, लहान तितका चांगला) आकडा १८ ठेवा, म्हणजे या मधल्या फेरीत चित्राचं फारसं नुकसान होत नाही. ऑडिओच्या टॅबमध्ये ‘पासथ्रू’ (आवाज न बदलता तसाच ठेवणं) असेल तर ते काढून एएसी, सॅम्पलरेट ४८. सीडीवरच्या गाण्यांचा दर ४४.१ किलोहर्ट्झ असतो, डीव्हीडीला ४८ लागतो. या फाइलचा ताळमेळ व्हीएलसीमध्ये शेवटपर्यंत तपासा आणि मगच ती डीव्हीडी स्टायलरमध्ये घाला.

आवाज येतच नसेल तर आवाजाचा प्रकार बघा. डीव्हीडीला एसी-३ किंवा पीसीएम चालतं, पालमध्ये एमपी२ सुद्धा. एएसी आणि एमपी३ चालत नाहीत. संगीत येतंय पण बोलणं दबलेलं आहे, असं झालं तर मूळ आवाज ५.१ चा आहे आणि संवादाचा मधला चॅनल स्टीरिओत नीट मिसळलेला नाही. हँडब्रेकमध्ये मिक्सडाउन ‘स्टीरिओ’ करून घ्या.

चित्राच्या तक्रारी

माणसं लंबुळकी किंवा बुटकी दिसतात तेव्हा आस्पेक्ट रेशोचा शिक्का चुकलेला असतो. पाल डीव्हीडीत ४:३ आणि १६:९ या दोन्हींचे पिक्सेल ७२० × ५७६ इतकेच असतात. टीव्हीने ते किती पसरवायचे हे फक्त त्या शिक्क्यावरून ठरतं. आजचं शूटिंग १६:९ असतं, तर प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येही तेच हवं. जुन्या कॅसेटचं ४:३. दोन्ही एका डिस्कवर घ्यायचं असेल तर जुन्याला डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या ठेवा, ताणू नका. शिक्का बरोबर असूनही चित्र विचित्र दिसत असेल तर प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीचा प्रकार ४:३ वर राहिलेला नाही ना, ते बघा.

मोबाईलची क्लिप आडवी पडते, कारण मोबाईल चित्र फिरवत नाही. ‘दाखवताना नव्वद अंश फिरवा’ अशी चिठ्ठी फाइलला जोडतो आणि जुनी सॉफ्टवेअर ती वाचत नाहीत. अशी क्लिपही आधी हँडब्रेकमधून काढली की सरळ होते.

फक्त आवाज येतो आणि चित्र काळं, असं डीव्हीडी बनवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये झालं तर मूळ फाइल एच.२६५ ची आहे. आयफोन २०१७ पासून हा प्रकार वापरतात. तीच वाट: आधी एच.२६४, मग पुढे. नव्या मोबाईलचं चित्र फिकट, धुतल्यासारखं दिसत असेल तर ते एचडीआरमध्ये (जास्त उजेड आणि रंग टिपणाऱ्या पद्धतीत) शूट झालंय. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते रेक.७०९ या साध्या रंगांत उतरवून घ्या, आणि पुढच्या कार्यक्रमाला मोबाईलमधला एचडीआर बंद ठेवा.

हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसणं ही जुन्या हँडीकॅमची खूण. ते शूटिंग इंटरलेस्ड असतं: एका फ्रेममध्ये अर्ध्या-अर्ध्या रेषांची दोन फील्ड. कॉम्प्युटरवर अशा रेषा दिसल्या म्हणून लगेच काही बदलू नका, टीव्हीवर त्या सहसा दिसत नाहीत. टीव्हीवरही दिसल्या, तर लहान-मोठं करताना दोन फील्ड एकमेकांत मिसळली गेली आहेत. मूळ फाइलपासून पुन्हा सुरू करून हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ लावा. चित्र हलताना मागे-पुढे थरथरत असेल तर फील्ड ऑर्डर उलटी आहे. मिनी डीव्ही कॅसेटवरून घेतलेल्या फाइलीत खालचं फील्ड आधी असतं, एव्हीसीएचडी कॅमेऱ्यात वरचं आधी. सेटिंगमध्ये तेवढं पलटा.

कडेला लिहिलेली नावं जुन्या काचेच्या टीव्हीवर कापली जातात. नाव, तारीख, लोगो चारही बाजूंनी दहा टक्के आत घ्या.

कपाटातल्या व्हीसीडीही डीव्हीडीवर घेता येतात. तिच्यातली डॅट फाइल म्हणजे ३५२ × २८८ चं एमपीईजी-१, आणि डीव्हीडीच्या नियमात ते बसतं. बदलावा लागतो तो आवाज, ४४.१ वरून ४८ वर. चित्र मोठं करायला जाऊ नका, जागाही जाते आणि धूसरपणा उठून दिसतो.

मराठी नावं आणि सबटायटल

फाइलचं किंवा फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, त्यात अवतरणचिन्ह असेल किंवा ती पाच फोल्डर खोल असेल, तर काही सॉफ्टवेअर कारण न सांगता थांबतात. सी ड्राइव्हवर छोट्या इंग्रजी नावाचं एक फोल्डर करा आणि फाइली तिथे हलवा. डिस्कचं लेबलही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, जागा न सोडता, ३२ अक्षरांच्या आत ठेवा.

मेनूत किंवा सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदलूनही जोडाक्षरं सुटी पडली किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर त्या सॉफ्टवेअरशी झगडण्यात अर्थ नाही. डीव्हीडीवर सबटायटल तशीही अक्षरं म्हणून न राहता छोटं चित्र म्हणून साठवली जातात. मराठी नीट दाखवणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती व्हिडिओवरच कायमची छापून घ्या. मेनूचंही तसंच: शीर्षक मराठीत लिहिलेला फोटो तयार करून पार्श्वभूमीला लावा. डिस्क आजी-आजोबांसाठी असेल तर मेनू नकोच. डिस्क घातली की आपोआप सुरू झाली पाहिजे. दर दहा मिनिटांना चॅप्टर ठेवला की रिमोटचं एक बटण त्यांना पुरतं.

सॉफ्टवेअर मध्येच थांबतं

बहुतेकदा जागा संपलेली असते. एमपीईजी-२, मग व्हिडिओ टीएस, मग आयएसओ अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी ड्राइव्हवर असू शकतात. १५ जीबी मोकळे ठेवा. बरोबर चार जीबीला गाडी अडत असेल तर ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर यापेक्षा मोठी एकच फाइल राहत नाही. एनटीएफएस असलेल्या ड्राइव्हवर टेम्पररी फोल्डर न्या.

राईट करताना

डिस्क राईट करायला इमग्बर्न हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या फालतू सॉफ्टवेअरची टिक काढा. ‘व्हेरिफाय’ची (राईट झालेलं पुन्हा वाचून तपासण्याची) टिक मात्र ठेवा. वेग ‘मॅक्स’वर सोडू नका. १६एक्स डिस्कला ८एक्स पुरे, जुना प्लेअर असेल तर ४एक्स. पूर्ण डिस्कला ८एक्सने आठेक मिनिटं लागतात, ४एक्सने चौदा-पंधरा. सहा मिनिटं वाचवण्यासाठी अडकणारी डिस्क पदरात घेऊ नका.

‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आला की डिस्क आणि रायटर यांचं जमत नाही. आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क लावून बघा. बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर असेल तर हब काढून थेट मशीनच्या पोर्टला लावा, वीज कमी पडली तरी हाच एरर येतो. तीन कंपन्यांच्या डिस्कवर तेच झालं तर लेझर थकला, नवा रायटर घ्या.

व्हेरिफाय झालेली डिस्क कॉम्प्युटरवर चालते आणि टीव्हीवर नाही, तर बघायच्या तीन गोष्टी. ती रीरायटेबल आहे का? तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुने प्लेअर ती वाचत नाहीत. चाचणीला ती चांगली, देण्याघेण्यासाठी नाही. डिस्क फायनलाइझ, म्हणजे राईट करून शेवटी बंद, झाली आहे का? नसेल तर रायटरलाच ती वाचता येते. आणि डीव्हीडी प्लस असेल तर इमग्बर्नमध्ये बुक टाइप (डिस्क कुठल्या प्रकारची हे प्लेअरला सांगणारी खूण) ‘डीव्हीडी रॉम’ करून दुसरी डिस्क राईट करा, रायटर परवानगी देत असेल तर हट्टी प्लेअरही ऐकतात. नाहीतर सरळ डीव्हीडी मायनस घ्या.

दर वेळी एकाच जागी अडकते, तर तिथला बिटरेट किंवा ओरखडा बघा. दर वेळी वेगळ्या जागी अडकते, तर प्लेअरची लेन्स मळली आहे किंवा डिस्क हलक्या प्रतीची आहे. कागदी स्टिकर लावलेली डिस्क गरम झाली की किंचित वाकते आणि शेवटच्या अर्ध्या तासात अडकायला लागते, कारण राईटिंग आतून बाहेर होतं आणि शेवट कडेला असतो. नाव सीडी मार्करनेच लिहा, आणि डिस्क खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, रंगद्रव्य उडतं.